बँक व विमा उद्योग : नोकऱ्या कुठे गेल्या, पगार कुठे गेला?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त विमा कर्मचाऱ्याने केलेले भाषण. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सकाळी चहाच्या वेळी एका गँगमन साथीने मला बाजूला घेतले. (खात्याने नाव बदलून ‘ट्रॅक मेंटेनर’ केले आहे, हातातला हातोडा तोच आहे.) त्यांनी विचारले, ‘‘साहेब, बँकवाल्यांच्या आणि विमावाल्यांच्या पगाराशी आमचा काय संबंध? ते पंख्याखाली, आम्ही रुळावर.’’ प्रश्न रास्त आहे. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पगाराची कहाणी का ऐकवायची? आजचे माझे बोलणे म्हणजे त्यांनाच दिलेले उत्तर आहे असे समजा.

माझी ओळख आधी थोडक्यात करून देतो. मी १९७९ साली विमा कचेरीत सहायक म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षांनी निवृत्त झालो. त्यातली पहिली बारा वर्षे पगार बचत योजनेच्या टेबलावर गेली. तुमच्यापैकी ज्यांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो त्यांना ही योजना माहीत आहे. रेल्वेच्या कारखान्यातून दर महिन्याला कपातीच्या याद्यांचे गठ्ठे यायचे आणि आम्ही एकेक नाव, एकेक पॉलिसी क्रमांक खतावणीत उतरवायचो. फिटर, खलाशी, पॉइंट्समन अशा हजारो माणसांचे पगार मी त्यांचे तोंड न पाहता ओळखत होतो. आणि खरे सांगायचे तर त्या याद्या लिहिताना मनात यायचे की या माणसापेक्षा आपण बरे आहोत. माझ्या पिढीच्या बँक-विमा कर्मचाऱ्याच्या मनात ही भावना होती, ती लपवून उपयोग नाही. आज ती का उरली नाही, ते सांगायला मी आलो आहे.

इतिहास फार लांबवत नाही. बँका आणि विमा कंपन्या स्वातंत्र्यापूर्वी खाजगी मालकांच्या होत्या आणि तिथला कारकून म्हणजे शेटजींचा नोकर होता. कोण कधी काढून टाकला जाईल, कोणती कंपनी कधी बुडेल याचा भरवसा नव्हता. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघ १९४६ साली कलकत्त्यात उभा राहिला आणि विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९५१ साली मुंबईत. विमा कर्मचाऱ्यांनी पहिल्यापासून राष्ट्रीयीकरणाची मागणी लावून धरली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-विदेशी विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्था ताब्यात आल्या आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला ५ कोटींच्या भांडवलावर आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. पुढे १९६९ साली चौदा बँका, १९७३ पासून सर्वसाधारण विमा, १९८० साली आणखी सहा बँका सरकारी मालकीच्या झाल्या.

नोकऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? १९६९ साली देशात बँकांच्या शाखा होत्या ८ हजारांच्या थोड्या वर. १९९१ पर्यंत त्या ६० हजारांवर गेल्या. ज्या तालुक्याच्या गावी सावकाराची पेढी तेवढी होती तिथे शाखा आली, आणि शाखा आली म्हणजे व्यवस्थापक, कारकून, रोखपाल, शिपाई आले. पगार ठरवण्याची रीतही बसली. आधी शास्त्री निवाडा १९५३ चा, देसाई निवाडा १९६२ चा, आणि १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्षीय करार. म्हणजे न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याऐवजी संघटना आणि बँक मालकांची संस्था समोरासमोर बसून सह्या करू लागल्या. तुमचा पगार दहा वर्षांनी वेतन आयोग ठरवतो, त्यांचा पाच वर्षांच्या करारात ठरतो. तुमचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैत वाढतो, त्यांचा दर तीन महिन्यांनी. ही सौदाशक्ती होती आणि ती कोणी दान दिलेली नव्हती.

आमच्या आयुर्विम्यात मात्र वेगळे घडले, आणि ते रेल्वेच्या साथींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १९७४ च्या जानेवारीत बोनसासह करार झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तुमचा ऐतिहासिक संप झाला आणि त्यातही बोनस ही एक मुख्य मागणी होती. आणीबाणीत १९७६ साली सरकारने कायदा करून आमचा सही झालेला करारच मोडला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा रद्द ठरवला. आम्ही पेढे वाटले. पण १९८१ साली सरकारने महामंडळाच्या कायद्यात दुरुस्ती करून सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तेव्हापासून बँकेत करारावर सही होते आणि विम्यात सरकारची अधिसूचना निघते. वाटाघाटी आमच्याही होतात, पण शेवटची सही दिल्लीची.

तरीही तो काळ चांगला होता. मुलगा बँकेत आहे म्हटले की स्थळ पक्के. पत्रिका नंतर पाहायची, आधी शाखा कोणती ते विचारायचे! १९७९ साली पिल्ले समितीनंतर बँक अधिकाऱ्याची सुरुवात ७०० रुपये मूळ वेतनावर झाली. केंद्र सरकारच्या प्रथम श्रेणीच्या अधिकाऱ्याची सुरुवातही तेव्हा ७०० वरच होती. म्हणजे बँकेतला नवा अधिकारी आणि केंद्राच्या मोठ्या सेवेतला नवा अधिकारी एकाच पायरीवर उभे होते.

आता आजचे आकडे पाहू. ८ मार्च २०२४ रोजी बँकांचा बारावा करार झाला, तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला. त्यात सुरुवातीच्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन ४८,४८० रुपये. केंद्राच्या प्रथम श्रेणीची सुरुवात सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून ५६,१०० केली. बँकेच्या आकड्यात २०१६ नंतरच्या महागाईचा मोठा भाग आधीच मिसळलेला आहे, केंद्राच्या आकड्यावर महागाई भत्ता वेगळा मिळतो. तेव्हा ही नुसती साडेसात हजारांची तफावत नाही, भत्ता धरला की ती कितीतरी वाढते.

अधिकाऱ्यांचे राहू द्या, तुमच्या बरोबरीच्या माणसाचे बघू. पोस्टल असिस्टंटची सुरुवात २०१६ पासून २५,५०० वर आहे. नोव्हेंबर २०२२ ला तुमचा महागाई भत्ता ३८ टक्के होता, म्हणजे दोन्ही मिळून ३५,१९० झाले. त्याच तारखेपासून बँकेतल्या नव्या कारकुनाचे मूळ वेतन २४,०५०. त्यावर त्याला साडेसव्वीस टक्के विशेष भत्ता आहे, त्याचा थोडा महागाई भत्ता आहे, पदवीधर असेल तर दोन वेतनवाढी जास्त आहेत. हे सगळे बेरजेला घेतले तर दोघांचा आकडा शेजारी-शेजारी येऊन बसतो. पदवीच्या वाढी काढल्या तर टपालवाला पुढे जातो. टपाल खात्यातल्या माझ्या मित्रांनो, पूर्वी तुमचा माणूस बँकेच्या परीक्षेला बसायचा आणि लागला की पेढे घेऊन तुमच्याकडे निरोपाला यायचा. ते अंतर मिटले आहे.

ते तुम्ही वर चढल्यामुळे मिटलेले नाही. तुमच्याकडची रिकामी पदे, वाढलेले काम, २००४ नंतरच्या माणसाचे गेलेले पेन्शन हे मी तुम्हाला सांगायला नको. ते खाली आले म्हणून मिटले.

कसे खाली आले? एका दिवसात नाही. प्रत्येक करार उशिरा होत गेला. २०१२ च्या नोव्हेंबरला देय असलेला मे २०१५ मध्ये, २०१७ चा नोव्हेंबर २०२० मध्ये, २०२२ चा मार्च २०२४ मध्ये. वाढ १५ टक्के, १५ टक्के, १७ टक्के. पाच वर्षांची वाढ म्हणून हे टक्के वाचा. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांचे तर विचारूच नका : १ ऑगस्ट २०१७ पासून देय असलेली वाढ ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली, म्हणजे पुढची वाढ देय झाल्यावर मागची हातात आली. थकबाकी मिळते हे खरे, पण थकबाकीच्या आशेवर मुलाची फी भरता येत नाही.

निवृत्तांचे आणखी निराळे. १९९३ च्या करारातून बँकांत पेन्शन आले, १९९५ साली त्याचे नियम झाले. पण तुमचे पेन्शन जसे प्रत्येक वेतन आयोगात नव्याने बसवले जाते तसे त्यांचे बसत नाही. ज्या करारात माणूस निवृत्त झाला त्याच मूळ पेन्शनवर तो राहतो, फक्त महागाई वाढते. बाराव्या करारात सानुग्रह म्हणून थोडी मासिक रक्कम मिळाली, पण ते पुनर्निर्धारण नव्हे. आणि १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्या माणसाला ते जुने पेन्शनही नाही, त्याला तुमच्या २००४ वाल्यांसारखे बाजारावर सोडले.

आता नोकऱ्यांकडे वळतो, कारण पगाराचे मूळ तिथे आहे. ज्याची संख्या घटते त्याचा आवाजही घटतो.

संगणकाची भांडणे तुम्हाला आठवत असतील. साठच्या दशकात कलकत्त्याच्या इलॅको हाऊसमध्ये विमा कर्मचाऱ्यांनी संगणक बसू दिला नाही, रात्रंदिवस पहारा केला. पुढे १९८३, १९८७ आणि १९९३ साली बँकांत यांत्रिकीकरणाचे करार झाले. कोणत्या शाखेत किती यंत्रे, ती चालवणाऱ्याला किती भत्ता, यावर आम्ही लोकांनी रात्री जागवल्या. आज मागे वळून पाहताना मला वाटते की आम्ही यंत्राच्या भत्त्यावर भांडलो, पण यंत्रामुळे जी जागा पुढे भरलीच जाणार नव्हती तिच्यावर पुरेसे भांडलो नाही. कोणालाही काढणार नाही एवढे आश्वासन मिळाले आणि आम्ही समाधान मानले. काढले कोणालाच नाही. घेतलेही कोणाला नाही.

नरसिंहम समितीचा पहिला अहवाल १९९१ चा, मल्होत्रा समितीचा १९९४ चा. भरती आटत गेली. २००१ साली बँक भरतीची प्रादेशिक मंडळे बंद झाली. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे घरी गेली. एक लाख म्हणजे दर नऊ-दहा माणसांमागे एक. शाखा तीच, गर्दी तीच, खिडकीमागचा माणूस गेला. नंतर विलीनीकरणे झाली. २०१७ साली स्टेट बँकेच्या सहयोगी बँका, २०१९ साली विजया आणि देना, १ एप्रिल २०२० रोजी आणखी सहा बँका दुसऱ्या बँकांत गेल्या आणि सत्तावीस सरकारी बँकांच्या बारा झाल्या. एका चौकात दोन बँकांच्या दोन शाखा होत्या, तिथे आता एकच आहे. सरकारी बँकांत शतक संपताना पावणेनऊ लाखांच्या आसपास माणसे होती, आता साडेसात लाखांच्या आसपास आहेत. त्यातही कारकुनांपेक्षा अधिकारी जास्त झाले आहेत. पूर्वी एका अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन-चार कारकून असायचे, आज कित्येक शाखांत अधिकारीच कारकुनी करतो, फक्त त्याला घड्याळ नाही. आयुर्विमा महामंडळात नव्वदच्या दशकात सव्वा लाखाच्या आसपास कर्मचारी होते, आता आकडा लाखाजवळ आला आहे आणि पॉलिसी मात्र कितीतरी पटींनी वाढल्या आहेत.

पण इथे थांबलो तर चित्र अर्धे राहील. तुम्ही म्हणाल, मग या उद्योगातल्या नोकऱ्या संपल्या का? मुळीच नाही. उलट प्रचंड वाढल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ च्या अहवालात सांगितले की २०२३-२४ मध्ये खाजगी बँकांतील कर्मचाऱ्यांची संख्या सरकारी बँकांपेक्षा जास्त झाली. राष्ट्रीयीकरणानंतर पन्नास वर्षांनी काटा असा उलटा फिरला. आणि त्याच अहवालात पुढे म्हटले आहे की या खाजगी बँकांतून नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास आहे.

पंचवीस टक्के म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. समजा तुमच्या डेपोत चारशे माणसे आहेत. दिवाळीपासून दिवाळीपर्यंत त्यातली शंभर निघून जातात आणि शंभर नवी येतात. पुढच्या वर्षी पुन्हा शंभर. अशा डेपोत युनियनची शाखा कशी उभी राहील? सरचिटणीस निवडावा तोवर तो दुसरीकडे लागलेला. नियम कोणाला पाठ होतील? आणि नव्या गार्डला सांगणार कोण, की या वळणावर जरा सांभाळून?

१९९३ नंतर परवाना मिळालेल्या नव्या खाजगी बँका द्विपक्षीय करारात नाहीत. त्यांच्याकडे वेतनश्रेणी या शब्दाला तुमच्या-माझ्या अर्थाने काही किंमत नाही. पहिल्या दिवशीच हातात ‘ऑफिसर’, ‘मॅनेजर’ असे पद देतात. आमच्या शेजारची एक मुलगी अशीच ‘मॅनेजर’ झाली. तिच्या आईने सोसायटीत पेढे वाटले. चार महिन्यांनी तीच मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, एक विम्याची पॉलिसी घ्या ना, महिना संपतोय.’’ मी म्हटले, ‘‘अगं, मी जन्मभर विम्यातच होतो.’’ ती कसनुशी हसली. बँकेत ती मॅनेजर कोणाची, तर स्वतःची. तिच्या हाताखाली कोणी नाही. महिन्याला इतकी खाती, इतकी कार्डे, इतका विमा. आकडा गाठला तर पगार अधिक बक्षीस, नाही गाठला तर रोज सकाळी फोनवर सर्वांसमोर उद्धार. वर्षभराने तिने ती नोकरी सोडली आणि दुसऱ्या बँकेत तसलेच काम धरले. रिझर्व्ह बँकेच्या त्या पंचवीस टक्क्यांतली ती एक.

ही झाली निदान पगारपत्रकावरची माणसे. त्याच्याही बाहेर केवढा मोठा घेर आहे पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने महामंडळाच्या एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख केली, तेव्हा सरकारी पत्रकात आकडे दिले होते : एजंट १३ लाखांहून अधिक, नियमित कर्मचारी १ लाखाहून अधिक. एका पगारदारामागे तेरा कमिशनवाले! निदान महामंडळाच्या एजंटाला ग्रॅच्युइटी तरी आहे. २००० सालानंतर आलेल्या खाजगी विमा कंपन्यांसाठी दारोदार फिरणाऱ्यांचे काय, ते आपल्या गल्लीतल्या एखाद्याला विचारून पाहा.

बँकांनी २००६ पासून रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने ‘बँक मित्र’ नेमले. गावातला एखादा किराणा दुकानदार किंवा शिकलेला तरुण यंत्रावर बोट ठेवून घेतो आणि पैसे काढून देतो. काम बँकेचे, नाव बँकेचे, माणूस मात्र बँकेचा नाही. मध्ये एखादी कंपनी असते आणि मोबदला व्यवहारागणिक. पाऊस पडला, नेट गेले, व्यवहार झाले नाहीत, तर त्या दिवसाचे काही नाही. शिकाऊ उमेदवारांचे निराळेच. २०२३ साली स्टेट बँकेने ६,१६० शिकाऊ उमेदवारांची जाहिरात काढली. मुदत एक वर्ष, महिना १५ हजार विद्यावेतन. पदवीधर मुलगा वर्षभर खिडकीत बसणार आणि वर्ष संपले की घरी. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत ठराविक मुदतीची नेमणूक आता सगळीकडे कायदेशीर आहे.

बाहेरच्या माणसाला आत आणता येते, याचेही उदाहरण याच उद्योगात आहे. पिग्मी एजंट तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. दुकानादुकानातून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करून वहीत लिहिणारा माणूस. सिंडिकेट बँकेने ही योजना १९२८ साली सुरू केली होती. बँकांचे म्हणणे असे की हा आमचा नोकर नाही, कमिशनवरचा दलाल आहे. खटला वर्षानुवर्षे चालला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा कामगारच आहे आणि त्याला मिळते ते कमिशन म्हणजे त्याचे वेतनच आहे. मला या निकालाचे फार महत्त्व वाटते. पण तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्या निकालाचा पुढे हवा तेवढा उपयोग केला नाही. बँक मित्र आला तेव्हा आम्ही म्हटले, हा आमच्या नोकऱ्या खातो. त्याला सभासद करून घ्यावे हे फार थोड्यांना सुचले. आम्ही आमची वेतनश्रेणी सांभाळत बसलो आणि काम आमच्या हातातून सरकत वेतनश्रेणीबाहेरच्या माणसाकडे गेले. उद्योग वाढला तो तिकडे वाढला. मग पुढच्या कराराच्या टेबलावर मालक म्हणाला, तुमचे काम आता बाहेर कितीतरी स्वस्तात होते. याला उत्तर नव्हते. पगार का घसरला याची कारणे पुष्कळ सांगता येतील, पण मला विचाराल तर पहिले कारण हेच.

आता टपाल खात्याच्या साथींकडे येतो. बँकिंग हे तुमच्यासाठी परके क्षेत्र नाही. पोस्टाची बचत बँक १८८२ ची, टपाल आयुर्विमा १८८४ चा. आमच्या महामंडळाहून तुमचा विमा बहात्तर वर्षांनी मोठा आहे. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पोस्टमन व ग्रामीण डाक सेवक हे चालते-फिरते बँकेचे काउंटर झाले. हे काम चांगले आहे. आजीबाईला दारात पेन्शन मिळते, त्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण ते काम करतो कोण आणि कोणत्या मोबदल्यावर? ग्रामीण डाक सेवकाचा मोबदला १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या कामासाठी १० हजार, आणि शाखा डाकपाल असेल तर १२ हजार, अधिक महागाई भत्ता, असा सुरू होतो. सातव्या वेतन आयोगाने त्याला नियमित कर्मचारी मानायला नकार दिला होता. कागदावर तास चार. टपाल, बचत खाते, विमा, आणि वर पेमेंट्स बँकेची नवी खाती आणि अपघात विमा. या शेवटच्या दोन कामांवर प्रोत्साहन रक्कम मिळते आणि त्यांचेच उद्दिष्ट वरून येते. ‘मेळा’ भरवा, इतकी खाती आणा, संध्याकाळपर्यंत आकडा कळवा. आमच्या शेजारच्या त्या मुलीला सकाळी जो फोन येत होता तोच आता तुमच्या शाखा डाकपालाला येतो, फक्त भाषा सरकारी आहे.

म्हणून सकाळी प्रश्न विचारणाऱ्या गँगमन साथींना मी असे सांगेन की बँक-विम्यात तीस वर्षांत जे घडले ते टपालात दारापर्यंत आले आहे आणि रेल्वेत तुम्ही ते वेगळ्या कपड्यांत पाहता. स्टेशनवरची सफाई, डब्यातली चादर, काही स्टेशनांवर तिकीट विकणारा कमिशनवरचा माणूस. वेतनाची बाजूही तशीच सरकते आहे. बँकांच्या २०२० च्या करारात पहिल्यांदा नफ्याशी जोडलेले प्रोत्साहन आले. बँकेचा कार्यकारी नफा ५ ते १० टक्के वाढला तर पाच दिवसांचा पगार, १० ते १५ टक्के वाढला तर दहा दिवसांचा, त्याच्या वर पंधरा दिवसांचा. यात एक बरे होते, की शिपायापासून वरपर्यंत दिवस सारखे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थखात्याने वरच्या अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे चौथ्या श्रेणीपासून पुढे, वेगळी योजना काढली आणि त्यातल्या सर्वांत वरच्यांना वर्षभराच्या मूळ वेतनापर्यंत रक्कम मिळू शकते. खालच्याला पंधरा दिवस, वरच्याला वर्ष! संघटनांनी याला विरोध केला आणि तो योग्यच होता. ज्याच्या हातात टार्गेट लावण्याचा अधिकार त्याचेच बक्षीस टार्गेटवर ठरले, तर खालच्याच्या फोनची घंटा थांबेल कशी?

रेल्वेच्या साथींना हे दिवसांचे गणित नवे नाही. तुम्हाला ७८ दिवसांचा उत्पादकता बोनस मिळतो. वर्तमानपत्रात ‘रेल्वे कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांचा पगार’ असे छापून येते आणि शेजारी तुमच्याकडे चहा मागायला येतात. पण हिशोब महिना ७ हजारांच्या मर्यादेवर होतो आणि जास्तीत जास्त १७,९५१ रुपये हातात येतात. तरीही त्यात एक गोष्ट आहे. तो बोनस गँगमनला, पॉइंट्समनला, कारकुनाला एकाच हिशोबाने मिळतो आणि तो मिळवण्यासाठी एकाला दुसऱ्याच्या पुढे पळावे लागत नाही. उद्या कोणी म्हणाले की हा बोनस आता माणशी कामगिरीवर देऊ, चांगल्याला जास्त मिळेल, तर होकार देण्याआधी एखाद्या बँकेच्या शाखेत जाऊन महिन्याच्या शेवटच्या दिवशी तासभर बसा.

सध्या आठव्या वेतन आयोगाचे काम सुरू आहे. निवेदने लिहिताना तुलनेसाठी बँक आणि विम्याचे आकडे घ्यायची जुनी प्रथा आहे. यावेळी ते घेताना सावध राहा, कारण समोरचा अधिकारी म्हणेल, पाहा, बँक कारकुनापेक्षा तुम्ही आधीच पुढे आहात. त्यांच्या आकड्यासोबत त्यांची शाखेतली माणसे किती घटली, तेच काम बाहेर किती गेले आणि कोणत्या मोबदल्यावर गेले, हेही जोडा.

माझी वेळ संपली असे अध्यक्ष खुणावत आहेत. दुपारी अडीचला आपण पुन्हा बसणार आहोत. येताना प्रत्येकाने आपले गेल्या महिन्याचे पगारपत्रक आणावे. ज्यांच्या घरात कोणी बँकेत, विमा कंपनीत, पतपेढीत किंवा कमिशनवर काम करत असेल त्यांनी त्यांच्या कमाईचा आकडाही फोन करून विचारून घ्यावा. नावे सांगायची गरज नाही. फळ्यावर तीन रकाने आखू : ठरलेला पगार किती, आकडा गाठल्यावर मिळतो तो किती, आणि कामाचे खरे तास किती. ग्रामीण डाक सेवक साथींपासून सुरुवात करू.